विल्टच्या बदल्यात काय देणार बोला

एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग) सीझन संपला की आमच्या ग्रुपवर एक रिकामटेकडा खेळ सुरू होतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत काही थांबत नाही. खेळ सोपा आहे, कुठल्याही काळातला प्लेअर उचलायचा, दुसऱ्या कुठल्याही काळातल्या प्लेअरसाठी त्याची ऑफर टाकायची आणि मग बाकीच्यांनी ती ऑफर किती भिकार आहे हे रात्री दोन वाजेपर्यंत सिद्ध करायचं. यंदा मन्याने उद्घाटन केलं. "१९६२ चा विल्ट चेम्बरलेन मला द्या, आजचा सर्बियन सेंटर योकिच घ्या, वर एक फर्स्ट राउंड पिक पण देतो." (सेंटर म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच प्लेअर, आणि पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे प्लेअर निवडायचा नंबर.) आणि खाली विल्टचे त्या सीझनचे आकडे चिकटवले, मॅचमागे ५०.४ पॉइंट, २५.७ रिबाउंड (म्हणजे चुकलेला शॉट परत पकडणं). झालं, याच्यावर कोण काय बोलणार अशा थाटात.

मी बोललो, बरंच बोललो, शेवटी ग्रुपवर मावेना म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की या असल्या ट्रेडमध्ये, म्हणजे प्लेअरच्या अदलाबदलीत, लोक माणूस मागतच नाहीत, आकडे मागतात, आणि आकडे काही विमानात बसून येत नाहीत राव. येतो तो माणूस. त्याचे रूल, त्याचं कोर्ट, त्याच्यासमोर उभे राहणारे लोक, ते सगळं मागेच राहतं. म्हणून भाव करायचा तर तो नव्या ठिकाणी काय करेल याचा करायचा, जुन्या ठिकाणी काय केलं याचा नाही.

आता गंमत बघा, विल्ट खरोखरच ट्रेड झालाय, आणि एकदा नाही दोनदा. १९६५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनी त्याला फिलाडेल्फियाला दिला तेव्हा बदल्यात काय मिळालं माहितीये? कॉनी डर्किंग, पॉल न्यूमन, ली शॅफर आणि दीड लाख डॉलर रोख. यातला शॅफर तर वॉरियर्सकडे एकही मॅच खेळला नाही, त्याने बास्केटबॉलच सोडलं. म्हणजे एका मॅचमध्ये १०० पॉइंट मारलेला माणूस गेला दोन बऱ्यापैकी प्लेअर आणि एका चेकच्या बदल्यात. मग १९६८ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला लेकर्सला दिला, आर्ची क्लार्क, डॅरल इमहॉफ आणि जेरी चेंबर्स घेऊन. हा इमहॉफ कोण, तर २ मार्च १९६२ ला हर्शी गावात विल्टने न्यूयॉर्क निक्सवर ते १०० पॉइंट ठोकले तेव्हा त्याच्यासमोर उभा केलेला निक्सचा सेंटर! ज्याला धुतलं त्याच्याच बदल्यात विकला गेला बिचारा.

आणि असं फक्त विल्टचंच नाही. करीम अब्दुल-जब्बार १९७५ ला मिलवॉकीहून लेकर्सला गेला तेव्हा २८ वर्षांचा होता, तीन वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम प्लेअर) झालेला, आणि बदल्यात आले एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मायर्स आणि ज्युनियर ब्रिजमन. चांगले होते चौघं, पण करीमपुढे काय. (ब्रिजमनने पुढे रेस्टॉरंटच्या धंद्यात इतका पैसा केला की शेवटी मिलवॉकी टीममध्येच हिस्सा विकत घेतला, त्यामुळे तो सौदा मिलवॉकीला पन्नास वर्षांनी थोडाफार फिटला असं म्हणता येईल.) तेव्हा "सुपरस्टारच्या बदल्यात सुपरस्टारच पाहिजे" हा जो आमच्या ग्रुपचा हट्ट असतो तो प्रत्यक्षात क्वचितच पुरा झालाय. स्टार जायचं म्हणाला की टीमचा हात दगडाखाली असतो आणि समोरचा आवळा देऊन कोहळा काढतो, दरवेळी.

बरं, आता मन्याच्या ऑफरकडे. विल्टचे ५०.४ पॉइंट.

त्या सीझनला तो मॅचमागे ४८.५ मिनिटं खेळला. मॅच असते ४८ मिनिटांची. म्हणजे बसलाच नाही, वर ओव्हरटाइम पण खेळला, अख्ख्या सीझनमध्ये जेमतेम ८ मिनिटं बाहेर होता ती पण रेफरीने हाकलला म्हणून. आजचा कुठलाही कोच त्याला ३६-३७ च्या वर मिनिटं देणार नाही, जास्त दिली तर टीमचे डॉक्टर आणि ट्रेनर मिळून कोचला खातील. तर ३६ मिनिटांच्या हिशोबाने ५०.४ चे झाले साधारण ३७. मग स्पीड. १९६१-६२ ला एक टीम मॅचमध्ये १०७-१०८ शॉट मारायची, आज ८९ च्या आसपास मारते. तो हिशोब लावला की ३७ चे राहतात ३१. रिबाउंडचं तर आणखीन वाईट, कारण तेव्हा शॉट जास्त आणि ते चुकायचे पण जास्त, लीगचं शूटिंग ४२-४३ टक्के, त्यामुळे एकेका टीमला सत्तरच्या आसपास रिबाउंड मिळायचे, आज ४४ मिळतात. विल्टचे २५.७ या गाळणीतून काढले की १२ उरतात.

३१ पॉइंट, १२ रिबाउंड. उत्तम आहे, एमव्हीपीच्या चर्चेत राहील असं आहे. पण योकिचने २०२४-२५ ला २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) केलेत, सीझनभर सरासरी ट्रिपल डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी. मग मन्या मला सांग, वर फर्स्ट राउंड पिक तू कशासाठी देतोयस?

यावर मन्याचं उत्तर असं की अरे तो विल्ट आज जन्मला असता तर थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारायला शिकला असता, पर्सनल शेफ असता, कमर्शियल फ्लाइटमध्ये गुडघे दुमडून बसावं लागलं नसतं. इथे मात्र आमच्या खेळात एक रूल आहे आणि तो मीच भांडून घातलाय, माणूस घ्यायचा तर आहे तसा घ्यायचा. १९६२ चा म्हणजे १९६२ चाच, त्या वर्षीचं शरीर, त्या वर्षीची सवय, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) ६१ टक्के (तेही त्या वर्षी दोन्ही हातांनी खालून टाकत होता म्हणून, नाहीतर याहून वाईट). "आज जन्मला असता तर" हे एकदा चालू केलं की मग काहीच खोटं पाडता येत नाही, माझा आजोबा पण आज जन्मला असता तर बॉल खेळवणारा गार्ड असता.

विल्टच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी स्वतःहून देतो कारण मन्याला तो सुचला नाही. १९६७-६८ ला या माणसाने मनात आणलं आणि पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट केले, ७०२. सेंटरने. तेव्हा जर तू १९६२ ऐवजी १९६८ चा विल्ट मागितला असतास तर आपण बसून बोललो असतो. आकडे लहान आहेत म्हणून त्याला कोणी मागत नाही, पण आजच्या बास्केटबॉलमध्ये बसणारा विल्ट तो आहे, हाय पोस्टवर (फ्री थ्रोच्या रेषेजवळ) उभा राहून पास देणारा. आणि उलटं, योकिचला १९६२ मध्ये पाठवला तर काय होईल? पासिंग कुठेही चालतं. पण थ्रीची लाइनच नाही (ती १९७९ ला आली), आणि त्या टीम ज्या वेगाने कोर्टभर पळायच्या त्या वेगाने योकिच पळतोय हे चित्र डोळ्यासमोर आणा. दुसऱ्या क्वार्टरला तो सर्बियाला, त्याच्या घोड्यांकडे निघून जाईल.

माझ्या मते लोक इथेच दिशा चुकवतात. सगळ्यांना वाटतं जुना प्लेअर पुढे आणला की त्याचं नुकसान, नवा मागे नेला की राजा होणार. सेंटरचं जाऊ द्या, शूटरला मागे नेऊन बघा. वॉरियर्सच्या स्टेफ करीने २०१५-१६ ला ४०२ थ्री मारले. त्याला १९६२ ला टाकला की ते सगळे दोन-दोन पॉइंटचे, ४०२ पॉइंट हवेत गेले. १९८६ ला टाकला तर लाइन आहे, पण त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त थ्री मारणाऱ्याने किती मारले? ८२. आणि तो बॉस्टन सेल्टिक्सचा लॅरी बर्ड होता, थ्री पॉइंट कॉन्टेस्ट पहिल्या तिन्ही वेळा जिंकलेला. कोच लोकांना तो शॉट म्हणजे सर्कस वाटायचा. करीने मध्यरेषेजवळून दोन टाकले असते की तिसऱ्याला बाकावर. शिवाय हँडचेक चालायचा, ड्रिबल करताना डिफेंडर कमरेवर हात ठेवून ढकलत न्यायचा, तो प्रकार खऱ्या अर्थाने २००४ नंतर बंद झाला. बर्ड द्या, करी घ्या ही ऑफर आली तर १९८६ च्या सेल्टिक्सनी नाही म्हणावं आणि आजच्या वॉरियर्सनी बर्डसाठी विचार करावा, फक्त त्याच्या पाठीचा एमआरआय आधी मागवावा. १९८५ च्या उन्हाळ्यात आईच्या घरासमोर खडी टाकताना पाठ धरली ती कायमची.

आता पैसा. हा भाग आमच्या ग्रुपवर कोणालाच नको असतो पण खरा ट्रेड इथेच अडतो. एनबीएत कॅप असतो, म्हणजे एका टीमच्या सगळ्या पगारांवर मिळून मर्यादा, १९८४-८५ ला आला तेव्हा टीममागे ३६ लाख डॉलर होता, २०२४-२५ ला १४ कोटींच्या वर होता. कॅपच्या वर असलेल्या टीमला ट्रेड करायचा तर जेवढा पगार बाहेर जातो साधारण तेवढाच आत घ्यावा लागतो. मग वेगवेगळ्या काळातले पगार जुळवायचे कसे? आम्ही (म्हणजे मीच, बाकीच्यांनी वैतागून हो म्हटलं) ठरवलं की पगार डॉलरमध्ये मोजायचाच नाही, त्या वर्षीच्या कॅपच्या टक्क्यात मोजायचा.

आणि हे केलं की काय मजा येते बघा. १९९७-९८ ला कॅप होता २ कोटी ६९ लाख. जॉर्डनचा पगार ३ कोटी ३१ लाख. एकट्याचा पगार अख्ख्या टीमच्या कॅपच्या १२३ टक्के! आपल्याच प्लेअरला कॅप ओलांडून पैसे देता येतात, त्या सवलतीला बर्डचंच नाव आहे, तिचा फायदा घेतला. २०२४-२५ च्या कॅपवर ते होतात १७ कोटी डॉलरच्या पुढे, आणि त्या वर्षी नव्या कॉन्ट्रॅक्टला जास्तीत जास्त पगार कॅपच्या ३५ टक्के, म्हणजे पाच कोटीसुद्धा नव्हते. थोडक्यात १९९८ चा जॉर्डन आमच्या खेळात ट्रेडच होऊ शकत नाही. त्याच्या बदल्यात पगार जुळवायचा तर समोरच्याला पंधराच्या पंधरा प्लेअर, कोच आणि टॉवेल देणारा पोरगा पण द्यावा लागेल.

त्याच टीममध्ये, म्हणजे शिकागो बुल्समध्ये, त्याच वर्षी, शेजारच्या लॉकरला स्कॉटी पिपेन. पगार सुमारे २८ लाख. बुल्समध्ये सहाव्या नंबरचा पगार, लीगमध्ये १२२ व्या. १९९१ ला घरच्या परिस्थितीमुळे लांबलचक कॉन्ट्रॅक्ट सही करून बसला आणि नंतर कॅप वाढत गेला, तो तिथेच. टक्क्यात मोजलं तर २०२४-२५ चे साधारण १ कोटी ४५ लाख डॉलर, म्हणजे बेंचवरच्या बऱ्या शूटरचा पगार. त्या पैशात तुम्हाला समोरच्या टीमच्या पाचपैकी चार जागांवरच्या कोणालाही अडवणारा, बॉल आणणारा, सहा रिंगवाला माणूस मिळतोय. माझी लिस्ट विचाराल तर कुठल्याही काळातला, कुठल्याही टीमसाठी पहिला फोन मी पिपेनसाठी करेन, जॉर्डनसाठी नाही, विल्टसाठी तर नाहीच नाही. एकाने विचारलं की त्याच्यासाठी काय देशील, तर १९९४ ला खऱ्याखुऱ्या बुल्सनी सिएटलच्या शॉन केम्पसाठी त्याला जवळजवळ देऊन टाकलेलाच. ड्राफ्टच्या दिवशी सगळं ठरलं होतं, सिएटलमध्ये लोकांनी बोंब मारली आणि तिथल्या मालकाने माघार घेतली. मग १९९६ ला फायनलमध्ये समोरासमोर आले दोघं, केम्प मॅचमागे २३ पॉइंट मारून सुद्धा हरला.

ट्रेडमध्ये आणखीन एक गोष्ट असते जी ट्रेडचा हिशोब करणाऱ्या कुठल्याही मशीनमध्ये टाकता येत नाही. बिल रसेल बॉस्टनला कसा आला? १९५६ ला सेंट लुईस हॉक्सकडे दुसरं पिक होतं, त्याच्यासाठी बॉस्टनने एड मकॉली आणि क्लिफ हेगन दिले. मकॉली म्हणजे टीमचा लाडका स्टार, त्याला सोडायला मालक तयारच नव्हता. पण मकॉली सेंट लुईसचा, त्याचं लहान मूल फार आजारी होतं, त्याला घरी जायचंच होतं, त्यानेच सांगितलं जाऊ द्या मला. रसेलने पुढे १३ वर्षांत ११ टायटल जिंकली म्हणून सगळे हॉक्सला हसतात, पण हॉक्स १९५८ ला बॉस्टनलाच हरवून चॅम्पियन झाले त्याच दोघांना घेऊन. हसण्यासारखं काही नाही त्यात.

हसायचंच तर फेब्रुवारी २०२५ आहे की. आपल्याकडे रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, अर्ध्या ग्रुपच्या हातात पोह्याची बशी, आणि बातमी आली की डॅलसने २५ वर्षांचा लुका डोन्चिच लेकर्सला दिला, बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि एकच फर्स्ट राउंड पिक. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंट हॅक झालं म्हणून जगभरात लोकांनी सोडून दिली ती बातमी. आदल्या वर्षी टीमला फायनलला नेणारा पोरगा! आमच्या ग्रुपवर हीच ऑफर कोणी टाकली असती तर त्याला आम्ही ॲडमिनवरून काढला असता. तेव्हापासून "असला ट्रेड कुठली टीम करेल का?" हा मुद्दा आमच्याकडे बाद झालाय, कारण टीम काहीही करतात. डॅलसला त्यानंतर १.८ टक्के चान्स असताना पहिल्या पिकची लॉटरी लागली, ड्राफ्टमधला सगळ्यात वरचा पोरगा कूपर फ्लॅग मिळाला, ते वेगळंच, त्याला नशीब म्हणतात, आणि जनरल मॅनेजर निको हॅरिसनची नोकरी त्या नशिबाने काही वाचवली नाही.

लुकावरून सॅक्रामेंटो. विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेला माणूस, तो सॅक्रामेंटो किंग्जचा मालक आहे, आणि त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी उगाचच ती टीम आपली मानून मनस्ताप ओढवून घेतलाय. २०१८ ला दुसरं पिक हातात असताना यांनी लुका सोडला आणि मार्विन बॅगली घेतला. असो, त्यावर बोलायला लागलो तर बीपी वाढतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हीच टीम वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन प्री-सीझन मॅच खेळून गेली, दोन्ही हरली, आणि त्या पेसर्समध्ये होता डोमँटस सबोनिस, जो पुढे २०२२ ला टायरिस हॅलिबर्टनच्या बदल्यात किंग्जकडेच आला. त्याने २०२३ पासून सलग तीन वर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड घेतले, किंग्जची १६ सीझनची प्लेऑफची उपासमार पण संपली.

तर माझी यंदाची ऑफर ही आहे. डोमँटस घ्या, मला त्याचा बाप द्या.

आर्विडास सबोनिस, लिथुआनियातल्या काउनासचा, सव्वासात फूट उंच. पोर्टलंडने १९८६ ला ड्राफ्ट केला, २४ वं पिक, पण सोव्हिएत युनियन सोडेना. मधल्या काळात टाचेच्या वरची ॲकिलिसची शीर तुटली, तशाच पायावर १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला जाऊन अमेरिकेला सेमीफायनलला घरी पाठवलं आणि गोल्ड जिंकलं. पोर्टलंडला प्रत्यक्ष पोचला १९९५ ला, तिशी ओलांडून. तेव्हाचे त्याचे एक्सरे बघून टीमचा डॉक्टर म्हणे म्हणाला की या माणसाला अपंगांच्या पार्किंगचा पास मिळेल. त्या पायांवर पहिल्या सीझनला १४.५ पॉइंट आणि ८ रिबाउंड काढले, पाठीमागून पास देत, थ्री मारत. डोमँटस त्याच सीझनच्या शेवटी पोर्टलंडमध्येच जन्मला.

मला १९९५ चा नकोय. मला १९८६ चा पाहिजे, शीर तुटायच्या आधीचा, एकवीस वर्षांचा, जो कोर्टभर पळून डंक मारायचा. आणि वर सांगितलेला रूल इथे मला उलट मदत करतो, कारण आहे तसा आणायचा म्हटलं तरी त्याला थ्री येतो, पास येतो, आजच्या सेंटरला जे जे लागतं ते सगळं त्याच्याकडे आधीच आहे. शिवाय रूकी (नव्या प्लेअरचं) कॉन्ट्रॅक्ट, २४ वं पिक म्हणजे कॅपच्या दोन टक्के पण नाही. पगार जुळवायला डोमँटस एकटाच पुरून उरतो.

मन्या म्हणतोय की बाप हवा असेल तर मुलगा आणि वर दोन फर्स्ट राउंड पिक. मी म्हटलं एक देतो, तेही टॉप-टेन प्रोटेक्टेड (पहिल्या दहात आलं तर माझ्याकडेच राहणार), आणि एमआरआय तुझ्या खर्चाने. अजून रिप्लाय नाही, दोन निळ्या टिक दिसतायत.